मामंजी, आत्याबाई आणि जपानी अक्षरे

जपानमध्ये पहिलीत बसलेल्या मुलाला वर्षभरात ८० 'कांजी' शिकाव्या लागतात. दुसरीत आणखी १६०. सहावी संपेपर्यंत एकूण १,०२६. कांजी म्हणजे जपान्यांनी चीनकडून घेतलेली अक्षरे. आपले 'क' हे अक्षर एक ध्वनी दाखवते; कांजीतले एक अक्षर एक अर्थ दाखवते, आणि त्याचा उच्चार जागेप्रमाणे बदलतो. त्यामुळे मुळाक्षरे संपली की वाचन सुरू, असे तिकडे होत नाही. शाळा संपेपर्यंत अक्षरओळख चालूच असते.

या यादीतली माणसांची आणि नात्यांची अक्षरे कोणत्या इयत्तेत येतात हे पाहणे गमतीचे आहे. माणूस, पुरुष, स्त्री, मूल ही पहिलीत. आई, बाप, थोरला भाऊ, धाकटा भाऊ, थोरली बहीण, धाकटी बहीण आणि मित्र ही दुसरीत. नवरा आणि नातू चौथीत. बायको पाचवीत! नवऱ्याचे अक्षर इतरही अनेक रोजच्या शब्दांत लागते म्हणून ते आधी येते, असे त्याचे साधे कारण असावे. पण वर्गात हसू पिकवायला ही माहिती पुरेशी आहे. काका-मामांना वेगळे करणारी अक्षरे मात्र प्राथमिक यादीत नाहीतच. ती का नाहीत, हा या लेखाचा खरा विषय आहे आणि तिथे पोचायला थोडे वळण घ्यावे लागेल.

महाराष्ट्रात जपानी शिकवण्याची परंपरा पुण्यात चांगली रुजलेली आहे. पण आता ही भाषा पुण्यापुरती राहिलेली नाही. २०२० साली तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातल्या गाडीवाट गावच्या जिल्हा परिषद शाळेची बातमी अनेकांनी वाचली असेल. परदेशी भाषा निवडा म्हटल्यावर तिथल्या मुलांनी जपानी निवडली, कारण त्यांना यंत्रमानवांची ओढ होती. गाडीवाटला जे होते ते उद्या नांदुऱ्याला किंवा मलकापूरलाही होईल. तेव्हा फळ्यापुढे उभ्या राहणाऱ्या शिक्षकाच्या हाती या अक्षरांचा थोडा इतिहास असलेला बरा.

खडू घ्या. वरून डावीकडे उतरणारी एक तिरकी रेघ काढा. तिच्या वरच्या भागाला टेकून उजवीकडे उतरणारी दुसरी काढा. झाले 'माणूस' हे अक्षर. जपानमध्ये १९७९ साली किनपाची नावाच्या शिक्षकाची एक दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली आणि ती फार गाजली. 'माणूस म्हणजे एकमेकांना टेकून उभे असलेले दोघे', हा या अक्षराचा अर्थ त्या मालिकेमुळे घरोघरी पोचला. अर्थ सुंदर आहे. मात्र तो खरा नाही. या अक्षराचे सर्वांत जुने रूप पाहिले तर तिथे दोघे नाहीत, एकटाच माणूस आहे. तो बाजूने दिसतो, थोडा वाकलेला, एक हात खाली सोडलेला.

हे सर्वांत जुने रूप आपल्याला कसे कळले? १८९९ साली पेकिंगमधील वांग यीरोंग या विद्वानाच्या ध्यानात आले, की औषधी दुकानांत 'ड्रॅगनची हाडे' म्हणून विकल्या जाणाऱ्या तुकड्यांवर लिखाण कोरलेले आहे. ती कासवांची कवचे आणि बैलांच्या खांद्यांची हाडे होती. शोध घेत अभ्यासक हूनान नव्हे, हनान प्रांतातल्या आन्यांग गावी पोचले आणि तिथे १९२८ पासून पद्धतशीर उत्खनन सुरू झाले. शांग घराण्याचे राजे सुमारे ३,२०० वर्षांपूर्वी देवांना आणि पूर्वजांना प्रश्न विचारत. हाडाला चटका देत, त्याला जी भेग पडे तिच्यावरून उत्तर वाचत, आणि प्रश्न त्याच हाडावर कोरून ठेवत. पाऊस पडेल का, लढाई जिंकू का, राणी सुखरूप बाळंत होईल का.

इथे एक महत्त्वाची गोष्ट लक्षात घ्यावी. चिनी अक्षरांची फोड करून सांगणारा पहिला मोठा कोश शू शेन या पंडिताने इ. स. १०० च्या सुमारास पुरा केला. त्यात ९,३५३ अक्षरे ५४० गटांत लावली आहेत. आजही अक्षरांच्या ज्या गोष्टी सांगतात त्यांतल्या पुष्कळ तिथून आल्या. पण आन्यांगची हाडे शू शेनच्या आधीच हजारभर वर्षे मातीखाली गेली होती. त्याने ती पाहिलीच नाहीत. 'बाप' या अक्षरात एक हात आहे आणि हातात काहीतरी धरलेले आहे. शू शेन म्हणतो ती छडी. घराला वळण लावणारा तो बाप. विसाव्या शतकातले काही संशोधक म्हणतात ती दगडी कुऱ्हाड. छडी की कुऱ्हाड, हा वाद शिक्षकांच्या जिव्हाळ्याचा आहे! 'आई' या अक्षराबद्दल मात्र वाद नाही. गुडघे टेकून बसलेली स्त्री आणि तिच्या छातीवर दोन ठिपके. ते दोन ठिपके आजच्या छापील अक्षरातही शाबूत आहेत.

सगळीच अक्षरे अशी चित्रांतून निघाली असती तर शिकवणे सोपे झाले असते. तसे नाही. बहुसंख्य अक्षरांचे दोन भाग असतात, एक अर्थाची दिशा दाखवतो आणि दुसरा उच्चाराची. चिनी भाषेत आईला 'मा' म्हणतात, आणि ते लिहिताना 'स्त्री' या खुणेशेजारी 'घोडा' काढतात. आईचा घोड्याशी काही संबंध नाही. घोड्यालाही 'मा'च म्हणतात, एवढेच. जपानीत 'धाकटी बहीण' या अक्षरात स्त्रीशेजारी जो भाग येतो त्याचा स्वतंत्र अर्थ 'अजून नाही' असा आहे. 'अजून मोठी झाली नाही ती धाकटी बहीण' अशी गोष्ट पाठ्यपुस्तकांत सापडते आणि मुलांच्या लक्षातही राहते; पण तो भाग तिथे मुळात आवाजासाठी आला. 'पालक' या अक्षरात 'उभे राहणे', 'झाड' आणि 'पाहणे' असे तीन तुकडे दिसतात. मग गोष्ट तयार होते, की मूल परत येते आहे का हे झाडावर उभे राहून पाहतात ते आईबाप. इतिहासात त्यातला डावा अर्धा भाग पुन्हा आवाजाचाच.

मग अशा गोष्टी सांगाव्यात की नाही? माझे मत असे, की लक्षात ठेवायला खुशाल सांगाव्यात, पण 'ही आठवणीची गोष्ट आहे, इतिहास निराळा' हे मुलांना त्याच तासाला सांगावे. कारण काही गोष्टी निरुपद्रवी असतात आणि काही नसतात.

उदाहरणार्थ, 'विवाहित स्त्री' असा अर्थ असलेले एक अक्षर आहे. डावीकडे स्त्री, उजवीकडे केरसुणी. जपानी मुले ते पाचवीत शिकतात. गोष्ट सरळ आहे: केर काढते ती बायको. आता आन्यांगला परत जाऊ. हाडांवरच्या लेखांत हे अक्षर राजघराण्यातल्या स्त्रियांची पदवी म्हणून येते. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध फू हाव, वू दिंग राजाची राणी. 'फू' म्हणजे हेच केरसुणीवाले अक्षर. एका लेखात तिच्यासाठी ३,००० आणि आणखी १०,००० असे सैन्य उभारल्याची नोंद आहे. १९७६ साली झंग झनशियांग या स्त्री-पुरातत्त्वज्ञाच्या पथकाला तिची कबर सापडली, चोरांचा हात न लागलेली. आत साडेचारशेहून अधिक काशाच्या वस्तू, साडेसातशेच्या आसपास जेडच्या वस्तू, हजारो कवड्या आणि युद्धात व बळी देताना वापरायच्या जड कुऱ्हाडी होत्या. मग त्या केरसुणीचे काय? शिराकावा शिझुका (१९१० ते २००६) या जपानी अभ्यासकाचे म्हणणे असे, की ही केरसुणी पूर्वजांच्या देवघराची शुद्धी करण्याची आहे, आणि ते काम मानाचे होते. हे मत सर्वांना मान्य आहे असे नाही. पण 'केर काढते ती बायको' एवढेच शिकवून थांबलो, तर तेरा हजारांचे सैन्य घेऊन निघालेली बाई आपण मुलांपासून लपवतो.

तिच्या नावातला 'हाव' हा दुसरा भागही पाहण्याजोगा आहे. स्त्री आणि मूल शेजारी-शेजारी. आज त्याचा अर्थ 'आवडणे', 'चांगले'. आईजवळ मूल, म्हणून चांगले, ही कांजीच्या पुस्तकांतली सर्वांत लाडकी गोष्ट. राणीच्या नावात मात्र तो भाग बहुधा तिच्या कुळाचा निर्देश करतो, असे अनेक अभ्यासक मानतात. आणि याच राणीच्या बाळंतपणाबद्दलचे एक कासवाचे कवच उपलब्ध आहे. राजाने शकुन पाहिला, अमुक दिवशी मूल झाले तर शुभ. मग पुढे नोंद येते: एकतीस दिवसांनी बाळंत झाली, चांगले झाले नाही, मुलगी झाली. सैन्य चालवणाऱ्या राणीच्या पोटी मुलगी आली तरी कोरक्याने 'चांगले नाही' असेच कोरले. २०११ च्या जनगणनेत आपल्या बुलढाणा जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली नऊशेहूनही कमी भरल्या. सिंदखेडराजा याच जिल्ह्यात आहे हे सांगायला नकोच.

ही अक्षरे जपानात कशी गेली? कोरियातून, माणसांबरोबर. जपानात सापडलेल्या जुन्या लेखांपैकी एक आपल्या विषयाला फार जवळचा आहे. १९६८ साली साइतामा भागातल्या इनारियामा या टेकाडासारख्या थडग्यात एक लोखंडी तलवार सापडली. गंज इतका, की दहा वर्षे कुणाला काही दिसले नाही. १९७८ साली तिचे जतन करताना क्ष-किरणांनी तपासणी केली आणि गंजाखाली सोन्याच्या तारेने भरलेली ११५ अक्षरे उमटली! त्यातल्या वर्षाचा अर्थ बहुतेक संशोधक इ. स. ४७१ असा लावतात. मजकूर काय? एका सरदाराची वंशावळ. 'त्याचे मूल, नाव अमुक. त्याचे मूल, नाव अमुक' असे करत आठ पिढ्या. नावे जपानी आणि अक्षरे चिनी, म्हणून नावांपुरता अक्षरांचा अर्थ सोडून फक्त उच्चार घेतला आहे. पुढे याच युक्तीतून, अक्षरे झिजवत-झिजवत, नवव्या शतकाच्या सुमारास हिरागाना आणि काताकाना या जपानी उच्चारलिप्या घडल्या. त्यांचा आजचा क्रम आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना असा आहे. तो आपल्याला ओळखीचा वाटतो, कारण तो बौद्ध भिक्षूंनी संस्कृत अभ्यासातून नेलेल्या आपल्याच वर्णमालेवरून लावलेला आहे.

त्या तलवारीवर आठ पिढ्यांत एकाही आईचे नाव नाही. आपल्याकडे नाशिकच्या लेण्यांत मात्र राजे स्वतःला गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र म्हणवतात. चिनी भाषेत 'आडनाव' या अक्षरात 'स्त्री' आणि 'जन्म' हे भाग आहेत, आणि फार जुन्या काही कुळनावांतही 'स्त्री'ची खूण आहे. त्यावरून एके काळी कूळ आईकडून चालत असे, असे अनुमान काहींनी काढले. पण आईचे नाव लावणाऱ्या सातवाहनांत गादी बापाकडून मुलाकडेच जाई. अक्षरावरून समाज ओळखताना इतकी सावधगिरी हवीच.

आता काका-मामांकडे येऊ. जपानी बोलीत बापाचा भाऊ, आईचा भाऊ, आत्याचा नवरा, मावशीचा नवरा, सगळे 'ओजी'. आत्या, मावशी, काकू, मामी सगळ्या 'ओबा'. चुलत, मामे, आते, मावस अशी सगळी भावंडे 'इतोको'. म्हणजे आजच्या इंग्रजी 'अंकल-आंटी'सारखेच. भेद आहे तो वयाचा. सख्ख्या भावंडांत नुसता 'भाऊ' असा शब्द बोलीत नाही. थोरला 'आनी', धाकटा 'ओतोतो'. 'धाकटा भाऊ' हे अक्षर खुंटीला गुंडाळलेल्या दोरीचे आहे असे मानतात. दोरीचे वेढे एकामागून एक येतात, म्हणून क्रम, आणि क्रमाने मागून आलेला तो धाकटा.

चिनी भाषेचे उलट. तिथे बापाचा थोरला भाऊ, बापाचा धाकटा भाऊ, आईचा भाऊ, बापाची बहीण, आईची बहीण, प्रत्येकाला वेगळा शब्द आणि वेगळे अक्षर. वऱ्हाडातल्या माणसाला यात काही कठीण वाटू नये. नांदुऱ्याच्या वर्गात विचारून पाहा. बापाच्या थोरल्या भावाला 'मोठे बाबा' आणि त्यांच्या बायकोला 'मोठी आई' म्हणणारी मुले निघतील, आणि बापाच्या धाकट्या भावाला तीच मुले 'काका' म्हणतील. पुण्याकडे हे दोघेही काकाच. चिनी अक्षरांतही बापाच्या थोरल्या भावासाठी 'थोरला' आणि 'बाप' अशी जोडी लिहितात.

जपान्यांनी अक्षरे घेतली तेव्हा एक विचित्र अडचण उभी राहिली. बोलायला शब्द एक, लिहायला अक्षरे अनेक. आजही 'ओजी' कांजीत लिहायचे तर आईचा किंवा बापाचा थोरला भाऊ असल्यास एक जोडी आणि धाकटा असल्यास दुसरी. 'इतोको' तर लिहिताना समोरची व्यक्ती मुलगा की मुलगी, आपल्याहून मोठी की लहान, हे आधी ठरवावे लागते. उच्चार मात्र सगळ्यांचा 'इतोको'च. चिनी लोकांचे नातेसंबंध जपानी लिखाणात आले. बोलण्यात आले नाहीत.

सर्वांत मौज सासू-सासऱ्यांच्या अक्षरांत आहे. जपानीत सासरा म्हणजे 'शूतो', सासू म्हणजे 'शूतोमे'. सासूचे अक्षर 'स्त्री' आणि 'जुने' अशा दोन भागांचे. 'बाई जुनी झाली की सासू होते' हा विनोद त्यावर तयारच असतो. प्रत्यक्षात 'जुने' हा भाग आवाजासाठी आहे. पण हीच दोन अक्षरे चिनी वाचकापुढे ठेवा. तो पहिले वाचतो 'मामा' आणि दुसरे वाचतो 'आत्या'. चूक कुणाचीच नाही. 'अर्या' या चीनच्या सर्वांत जुन्या शब्दकोशात नात्यांचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात आईच्या भावासाठी आणि बापाच्या बहिणीसाठी ही अक्षरे दिली आहेत, आणि पुढे सांगितले आहे, की बायकोने नवऱ्याच्या बापाला आणि नवऱ्याच्या आईला हेच शब्द वापरावेत.

मराठी वाचक इथे दचकायला हवा. आपल्याकडच्या सुना सासऱ्याला काय म्हणत? मामंजी. आणि सासूला? आत्याबाई!

याचा उलगडा फळ्यावर करता येतो. दोन घरे काढा, एक देशमुखांचे आणि एक पाटलांचे. देशमुखांची मुलगी पाटलांकडे दिली आणि पाटलांची देशमुखांकडे; म्हणजे साटेलोटे. आता देशमुखांकडे जन्मलेल्या मुलीच्या दृष्टीने पाहा. तिची आई पाटलांची, म्हणून आईचा भाऊ, तिचा मामा, पाटलांकडे आहे. तिची आत्या त्याच मामाला दिलेली आहे. पुढच्या पिढीत ही मुलगी त्या घरच्या मुलाशी लग्न करून गेली, तर तिचा सासरा कोण? मामा. सासू कोण? आत्या. नवीन शब्दांची गरजच पडत नाही. मुलांकडून हे चौकोन-वर्तुळांच्या खुणांनी काढून घेतले तर गणिताचा तासही सत्कारणी लागतो.

इरावती कर्वे यांनी भारतातील नातेव्यवस्थेवरच्या १९५३ सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्यामधला प्रदेश मानले. उत्तरेकडे जवळच्या नात्यात लग्न निषिद्ध. दक्षिणेत मामा-आत्याच्या मुलांशी लग्न रीतसर. महाराष्ट्रात पुष्कळ जातींत मामाची मुलगी करण्याची चाल, पण आत्याची मुलगी करण्याला नाखुशी. तेलुगूत 'अत्त' आणि कन्नडमध्ये 'अत्ते' म्हणजे आत्याही आणि सासूही. आपली 'आत्या' त्याच घराण्यातली दिसते, तर 'मावशी' संस्कृत 'मातृष्वसा'वरून आलेली. एकाच आईबापांच्या घरात एक नाते दक्षिणेचे, दुसरे उत्तरेचे!

मामाची मुलगी केली, तर नवरीची सासू ही तिची आत्या होतेच. 'आत्याबाई' त्यातून सरळ निघते. 'मामंजी'ला दोन वाटा आहेत. एक वर फळ्यावर काढली ती साटेलोट्याची. दुसरी अशी, की आत्याच्या नवऱ्यालाही पुष्कळ घरांत मामाच म्हणतात. चीनमध्येही प्राचीन काळी अशी लग्ने रूढ असावीत, असे मत फंग हानयी या चिनी मानवशास्त्रज्ञाने १९३७ साली मांडले. त्याचा मोठा आधार हे शब्दच आहेत. नुसत्या शब्दांवरून चाल सिद्ध होत नाही, हे खरे. पण एकमेकांशी काही देणेघेणे नसलेल्या दोन भाषांत तीच जोडी त्याच जागी यावी, हा पुरावा दुर्लक्षिण्याजोगाही नाही. जिथे नात्यात लग्न झालेले नसे त्या मराठी घरांतही सासऱ्याला मामंजीच म्हणत, हे आपण जाणतो. चाल मोडली तरी शब्द मागे राहतो.

जपानात या बाबतीत शब्दाबरोबर चाल गेली नाही आणि चालीबरोबर शब्दही नाही. गेले ते फक्त अक्षर. 'शूतो' हा मूळचा जपानी शब्द. त्याच्या अंगावर मामाचे अक्षर चढवले. जपानी सून ते लिहिते तेव्हा तिला त्यात मामा दिसत नाही.

आता प्राथमिक यादीत ही अक्षरे का नाहीत, याचे उत्तर देता येते. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, जपान सरकारने रोजच्या वापरासाठी १,८५० कांजींची मर्यादा घातली. १९८१ साली ती १,९४५ आणि २०१० साली २,१३६ झाली. ज्यांचा बोलण्यात भेद नाही अशा अक्षरांचे ओझे लहान मुलांवर टाकण्यात अर्थ नव्हता. काका-मामांची जोडी माध्यमिक शाळेवर ढकलली गेली आणि लहान मुले 'ओजी-सान' हिरागानात लिहितात. चीनमध्ये निराळेच घडले. १९८० च्या सुमारास तिथे एका जोडप्याला एकच मूल हे धोरण आले आणि ते २०१५ पर्यंत टिकले. एकुलत्या एका बापाच्या आणि एकुलत्या एका आईच्या मुलाला मोठे बाबा नाहीत, काका नाहीत, आत्या नाही, मामा नाही आणि मावशीही नाही. अक्षरे मात्र ते शाळेत शिकते.